एक्झॉस्ट बदलला आणि डायनोवर पॉवर कमी भरली

फ्री-फ्लो (कमी अडथळ्याचा) एक्झॉस्ट बसवला, आवाज भारदस्त झाला, पण डायनोच्या (रोलरवर गाडी चालवून पॉवर मोजणाऱ्या यंत्राच्या) ग्राफवर आधीपेक्षा ३-४ हॉर्सपॉवर कमी. असं झालं की बहुतेक जण थेट पाइपाला दोष देतात. पाइपाकडे सगळ्यात शेवटी वळावं. आधी मोजमाप तपासा, मग लीक, मग ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर).

मोजमापात पहिला घोळ हवेचा. एसएई जे१३४९ हे मानक २५ अंश तापमान आणि ९९० हेक्टोपास्कल दाबाची कोरडी हवा धरतं. हवा १० अंशांनी तापली की टर्बो नसलेल्या इंजिनाची पॉवर जवळपास २ टक्के उतरते. ८५ हॉर्सपॉवरच्या हॅचबॅकला हे दीड-पावणेदोन झाले, आणि नुसता मागचा सायलेन्सर बदलून मिळणारा फायदा बऱ्याचदा तेवढाही नसतो. मोजलेला आकडा मानक हवेवर आणायची ही दुरुस्ती (करेक्शन) डायनो स्वतःच करतो, पण त्याचा सेन्सर खोलीतली हवा मोजतो. काम संपल्या संपल्या तापलेली गाडी रोलरवर चढवली, तर बॉनेटखालची गरम हवा इंजिन ओढतं आणि सेन्सरला त्याचा पत्ताच नसतो.

करेक्शन कुठलं लावलंय तेही ग्राफच्या कोपऱ्यात वाचा. ‘एसटीडी’ हे जुन्या मानकाचं करेक्शन ‘एसएई’पेक्षा सुमारे ४ टक्के जास्त आकडा देतं. आधीचा ग्राफ एसटीडीचा आणि नंतरचा एसएईचा असेल तर काहीही न बिघडता ८५ चे ८२ होतात. अनकरेक्टेड आकडे तर दोन गावांत ताडून बघूच नयेत: पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा ६ टक्क्यांच्या आसपास कमी असतो.

म्हणून तुलना एकाच डायनोवर, शक्यतो एकाच दिवशी. गिअर तोच (बहुधा चौथा), टायरमधली हवा तेवढीच, गाडी बांधायच्या पट्ट्यांचा ताण सारखा, कूलंट ९० अंशांच्या आसपास, इनटेकचं तापमान दोन-तीन अंशांच्या फरकात, आणि दोन्ही वेळा किमान तीन रन. एकाच रनवरून निकाल लावू नका.

एवढं करूनही पॉवर कमीच असेल तर लीक शोधा. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फ्लँजचं (पाइपांच्या जोडाचं) गॅस्केट नीट बसलं नाही किंवा वेल्डला बारीक भोक राहिलं, की आयडलला आणि हलक्या लोडला दोन पल्समधल्या ओढीने बाहेरची हवा आत येते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयू मिश्रण लीन (पेट्रोल कमी) समजून पेट्रोल वाढवतो. हे लाँग टर्म फ्युएल ट्रिममध्ये (ईसीयूने लक्षात ठेवलेल्या पेट्रोलच्या दुरुस्तीत) साठतं, आणि बरेच ईसीयू तीच दुरुस्ती फुल थ्रॉटललाही लावतात. इंजिन रिच (पेट्रोल जास्त) चालतं, पॉवर पडते. ओबीडी रीडरवर (गाडीच्या सॉकेटला लावायच्या तपासणी यंत्रावर) ही ट्रिम १० टक्क्यांच्या वर दिसली तर गाडी गार असताना सुरू करा, टेलपाइप जाड फडक्याने क्षणभर दाबा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे, तिथे लीक. नव्या हेडरवर (इंजिनातून निघणाऱ्या पाइपांच्या जुडग्यावर) सेन्सरचा बंगही (तो बसवायची वेल्ड केलेली जागा) बघा: सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला हवा, नाहीतर पाइपात जमलेलं पाणी त्याच्यावर येतं.

लीक नसेल तर फुल थ्रॉटलचा एअर-फ्युएल रेशो बघा. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला साधारण १२.५ ते १३.२ ठीक. एमएपी सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत इंजिन जास्त हवा घेऊ लागलं तरी ईसीयूला ते थेट कळत नाही. तो जुन्या टेबलप्रमाणे पेट्रोल देतो, मिश्रण लीन होतं, नॉक (मिश्रणाचा अवेळी स्फोट) आला की ठिणगीचं टायमिंग मागे जातं. हे रीमॅपने (ईसीयूचं टेबल बदलून) सुटतं. टर्बो गाडीत मोकळ्या डाउनपाइपमुळे (टर्बोनंतरच्या पाइपामुळे) बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ठरल्यापेक्षा वर गेला, तर ईसीयू स्वतःच थ्रॉटल आवळतो. ग्राफमध्ये ते अचानक पडलेल्या खड्ड्यासारखं दिसतं.

आता पाइप. ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतं’ हे चूक आहे. लागतो तो वायूचा वेग, आणि व्हॉल्व्ह ओव्हरलॅपच्या वेळी (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन्ही उघडे असताना) परत येणारी कमी दाबाची लाट. ४२ मिलिमीटरच्या जागी ५७ चा पाइप घातला की क्षेत्रफळ १.८ पट होतं आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. हेडरचे पाइप आखूड असतील तर लाट फक्त वरच्या आरपीएमला वेळेवर पोहोचते आणि मधला टॉर्क जातो. ३००० आरपीएमला १० न्यूटन-मीटर गेले म्हणजे ४ हॉर्सपॉवरहून जास्त गेले, मग ६००० ला दोन वाढले तरी शहरात गाडी मंदच वाटणार. पीक आकडा सोडा, दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून टॉर्कची रेघ बघा.

१.२ लिटरच्या गाडीला रोजच्या वापरासाठी ४-२-१ हेडर (चार पाइप आधी दोनात, मग एकात) आणि मागे ४५ ते ४८ मिलिमीटरचा मँड्रेल बेंड (आतून आधार देऊन वाकवलेला) पाइप पुरे. साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो, मग मापाला अर्थ उरत नाही. कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू नका: ते बेकायदा आहे आणि चांगल्या स्थितीतल्या कॅटमुळे अडणारी पॉवर फारच थोडी असते.