डबकं नको, धबधबा हवा!

"पाणी साचू देऊ नका" हे इतक्या वेळा ऐकलंय की रोग पसरवणारा किडा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर डबकंच येतं. पण ब्लॅक फ्लाय, म्हणजे काळी माशी, ही बाई एकदम उलट्या डोक्याची. तिला हवं खळाळतं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी. तिची अळी दगडावर रेशमाचा एक ठिपका लावते, त्यात शेपटीकडचे बारीक आकडे रुतवते आणि डोक्यावरचे दोन छोटे पंखे उघडून प्रवाहातून वाहत येणारे कण गाळून खात बसते. नदीच घरपोच डबा देतेय म्हटल्यावर काय! पाणी थांबलं की मात्र उपास.

आफ्रिकेत हीच माशी चावून रिव्हर ब्लाइंडनेसचा, म्हणजे माणसाची दृष्टी घालवणाऱ्या रोगाचा, जंत पसरवते, त्यापायी पूर्वी नदीकाठची चांगली सुपीक जमीन टाकून लोक उठून गेलेत.

आता हवामान. मला आधी वाटायचं पाऊस वाढला की माशा वाढणार, विषय संपला. पण तसं नाहीये, जोराचा पूर आला तर अळ्या धुऊन जातात, नदी आटली तर वाळून मरतात, मधला वाहता काळ त्यांचा. आणि इथली नदी आटली म्हणून सुटलो असंही नाही, कारण पश्चिम आफ्रिकेत १९७४ पासून नद्यांमध्ये हेलिकॉप्टरने औषध फवारत होते तरी पावसाळी वाऱ्यावर स्वार होऊन शेकडो किलोमीटरवरून नवीन माशा हजर व्हायच्या!

तापमानाचं तर अजून गंमतशीर आहे. उष्णतेत अळी पटापट वाढते, माशीच्या पोटात गेलेला जंतही लवकर तयार होतो, म्हणजे पुढच्या माणसाला लागण करण्याजोगा होतो, थंडीत तो जवळजवळ अडकूनच पडतो. पण जंत तयार होईपर्यंत माशी जगायला हवी ना, आणि कडक कोरड्या उन्हात ती लवकर मरते. म्हणजे ही सगळी शर्यत आहे, आधी जंत तयार होतो की आधी माशी मरते. त्यामुळे "ग्लोबल वॉर्मिंगमुळे माशा वाढणार" असं कुणी सरसकट ठोकून दिलं की मला वैतागच येतो.

त्यात आपण माणसं ढवळाढवळ करतोच. धरण बांधलं की मागचे खळाळ जलाशयात बुडतात, तिथली माशी संपते, पण सांडव्यावरून पाणी उसळायला लागलं की तिथे तिला आयतं नवीन घर. पूर्व आफ्रिकेत एक जात तर चक्क गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंगावर वाढते, तिला झाडांची सावली लागते, जंगल तुटलं की ती गायब, अर्थात हा काही जंगलतोडीचा प्रचार नाही हां!

दक्षिण सुदानमधल्या मारिडीच्या धरणावर लोकांनी केलेला उपाय मला सगळ्यात आवडला. अळ्या सांडव्यातल्या पाण्यात लोंबणाऱ्या गवत-वेलींना चिकटायच्या, तर गावकरी सरळ पाण्यात उतरले आणि ते सगळं कापून काढलं. चावे बरेच कमी झाले. फक्त गवत परत उगवतं, त्यामुळे कोयते परत काढावे लागतात.