गच्चीपासून नळापर्यंत पाणी किती?

मे महिन्यात आमच्या दादरच्या सोसायटीत ब्लीचिंग पावडर मारून टाकी धुतली आणि पुन्हा भरली. तरी स्वयंपाकघरातल्या नळाला उग्र वास येत होता. आईला दमा आहे. असल्या वासानं तिला लगेच ढास लागते. शेजारचे काका म्हणाले, "अर्धा तास नळ सोडून ठेव." तानसा-भातसाहून इतक्या लांबून आलेलं पाणी, तेही ऐन मे महिन्यात, मोरीत सोडायचं माझ्या जिवावर आलं. टाकीत ताजं पाणी होतं. जुनं होतं ते फक्त आमच्या लाइनीत. तेवढंच काढायचं, पण ते किती?

पाइप बाहेरच्या भिंतीवरून उतरतो, तिथे टेप लावणं शक्य नाही. म्हणून जिना मोजला. मजल्याला 18 पायऱ्या, प्रत्येकीची उंची साडेसहा इंच, म्हणजे जवळजवळ 3 मीटर. चार मजल्यांचे 12, गच्चीवरचे 7, घरातले 5. एकूण 24 मीटर.

माळ्यावर त्याच सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपचा 30 सेंटिमीटरचा तुकडा सापडला. पुतणीचा व्हर्नियर, म्हणजे जाडी-व्यास अचूक मोजायचं साधन, लावला. बाहेरून व्यास 28.6 मिलिमीटर. त्यावरून उत्तर आलं 15.4 लिटर. तुकड्याचं तोंड डोळ्यासमोर धरलं तेव्हा चूक दिसली. पाइपची जाडीच 2.6 मिलिमीटर होती, आणि पाणी तर आतल्या पोकळीत असतं! आतला व्यास 23.4, म्हणजे त्रिज्या 1.17 सेंटिमीटर. 1.17 × 1.17 × 3.14 म्हणजे 4.3 चौरस सेंटिमीटर. मीटरला 0.43 लिटर, 24 मीटरला 10.3. त्रिज्येचा वर्ग होतो, म्हणून एवढ्याशा जाडीनं पाच लिटरचा फरक पडला.

ताळा पाहायला तुकड्याचं एक तोंड तळव्यानं घट्ट दाबलं, काठोकाठ पाणी भरलं आणि मापाच्या कपात ओतलं. 130 मिलिलिटरच्या खुणेला अगदी किंचित कमी. सूत्रानं 129 येतं. व्हर्नियर घरोघरी नसतो. हा प्रयोग मात्र कुणालाही जमेल.

मग नळ सोडला. दहा लिटरची बादली भरली तरी थोडा वास होताच, कारण पाइपात मधलं पाणी पुढे धावतं, कडेचं रेंगाळतं आणि नव्यात जुनं मिसळतं. आणखी अर्धी बादली काढली. ते सगळं पाणी संडास धुवायला ठेवलं. मग फुलपात्र भरून आईपुढे धरलं. तिनं दोनदा वास घेतला आणि चहाचं आधण ठेवलं.