वीस फ्रेम पुढे

सोमवार, रात्रीचा दीड

काकांचे ओठ थांबतात आणि शब्द मागून येतो.

काकांवर मी छोटी फिल्म करतेय, तिच्यासाठी घेतलेल्या त्यांच्या मुलाखतीच्या सुरुवातीला सगळं जागच्या जागी आहे. क्लॅपबोर्ड (चित्र आणि आवाज जुळवायला आपटतात ती पाटी) घरी विसरले होते, म्हणून कॅमेऱ्यासमोर मीच टाळी वाजवली होती. ती टाळी दिसते तिथेच ऐकू येते. दुसऱ्या मिनिटाला नुसती शंका येते. पाचव्या मिनिटाला खटकायला लागतं. दहाव्या मिनिटापर्यंत काका स्वतःच्याच आवाजाचं वाईट डबिंग केल्यासारखे दिसतात.

आवाजाची पट्टी सरकवली. शेवट जुळला, सुरुवात बिघडली. मग पट्टीचे तुकडे केले आणि एकेक वाक्य हाताने जुळवत बसले. चार तास गेले. शेवटी कंटाळून नुसता फरक मोजला: १० मिनिटांत १४ फ्रेम (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र, सेकंदाला साधारण २४). म्हणजे साधारण ०.६ सेकंद. म्हणजे हजारात एक! आकडा दिसला आणि कपाळावर हात मारून घेतला.

माझ्या कॅमेऱ्याच्या मेन्यूत नुसतं ‘२४’ लिहिलंय, पण तो प्रत्यक्षात सेकंदाला २३.९७६ फ्रेम टिपतो. आणि मी मोठ्या तोऱ्यात सॉफ्टवेअरला सांगून टाकलं होतं की या सगळ्या क्लिप नेमक्या २४ च्या आहेत. चित्र हजारात एकाने जोरात पळत होतं. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज बिचारा आपल्या चालीने येत होता.

हा विचित्र आकडा येतो टीव्हीतून. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं. लोकांचे कृष्णधवल संच बाद होऊ नयेत म्हणून रंगाची माहिती जुन्याच सिग्नलमध्ये कोंबली, आणि तिची आवाजाच्या लहरीशी झटापट होऊन पडद्यावर जाळी उमटू नये म्हणून सेकंदाच्या ३० फ्रेम जराशा कमी करून २९.९७ केल्या. त्याच हिशोबात सिनेमाचे २४ बसवले की २३.९७६ होतात. ते संच केव्हाच भंगारात गेले. तडजोड मात्र माझ्या मेन्यूत अजून ठाण मांडून आहे.

दुरुस्तीला दहा सेकंद लागले. एक आकडा बदलायचा होता.

मंगळवार

आज मुलाखत पहिल्यांदा सलग ऐकली. काकांनी तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला. मी त्यांना ‘सिनेमातला आवडता क्षण’ वगैरे विचारत होते आणि ते मला यंत्र समजावून सांगत होते. तेव्हा मनातल्या मनात वैतागले होते. आज कळतंय की चांगली मुलाखत त्यांनी दिली, मी नाही घेतली.

ते सांगतात, फिल्म प्रोजेक्टरच्या खिडकीपुढून वाहत जात नाही. ती थांबते, सरकते, पुन्हा थांबते, सेकंदात २४ वेळा. न थांबता सरकली तर पडद्यावर नुसता चिखल दिसेल. आवाजाचं बरोबर उलट. आवाज वाचणाऱ्या डोक्यावरून, म्हणजे साउंड हेडवरून, फिल्म एकसारखी सरकावी लागते, हिसका बसला की आवाज घोगरा. एकाच पट्टीने एकाच जागी थांबायचंही आणि वाहायचंही, हे जमणार कसं? म्हणून आवाज वाचायची जागा खिडकीच्या खाली, थोडी दूर. आणि म्हणून ३५ मिमीच्या पट्टीवर आवाज त्याच्या चित्रापेक्षा साधारण २० फ्रेम पुढे छापलेला.

म्हणजे पट्टी हातात धरली तर नायिकेच्या हलत्या ओठांशेजारी तिचा आवाज नसतोच! तिथे सेकंदभर नंतरचा आवाज असतो, दार आपटल्याचा नाहीतर कुणाच्या शिंकेचा. दोघांची गाठ पडते ती यंत्रात, ऑपरेटरने पट्टी नीट ओवली असेल तर. मधली सैल लूप, म्हणजे पट्टीचं वळण, मोजून ठेवायची. काकांचं वाक्य: “लूप चुकली की हिरो आधी बोलतो आणि तोंड मागून उघडतो.” हे ऐकताना सोमवारची रात्र आठवून एकटीच हसले.

दुसरी गोष्ट त्यांनी हाताने हवेत काढून दाखवली. दोन हजार फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालतं. ते संपायच्या साधारण आठ सेकंद आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. चार फ्रेमच. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची. शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका, की त्या प्रोजेक्टरवर बदल. प्रेक्षकांना कळतही नाही. मी विचारलं, तुम्ही सिनेमा बघायचात की कोपरा? काका म्हणाले, “कोपरा. सिनेमा ऐकायचो.”

बुधवार

मुलाखतीचं चित्र आज मोठ्या पडद्यावर तपासलं. काकांच्या खोलीतल्या ट्यूबलाइटचा जो धाक होता तो फुकटच निघाला, पट्टे नाहीत. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. शटर सेकंदाच्या १/५० वर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दोन पूर्ण मिणमिण येतात आणि पट्टे सरकत नाहीत. शटरच्या कोनाच्या भाषेत १७२.८ अंश. हा आकडा मला माझ्या फोन नंबरासारखा पाठ आहे, आणि २३.९७६ विसरते.

रात्री नव्या कॅमेऱ्यांची परीक्षणं बघत तासभर घालवला. ही माझी व्यसनमुक्ती केंद्रात जावं अशी सवय आहे. शेवटी कुणीतरी एखाद्या फुलाचं सेकंदाला १२० फ्रेमने काढलेलं चित्रण दाखवतं आणि मला वाटतं, हेच नाहीये म्हणून माझी फिल्म अडलीय. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली ती थांबून थांबून, एकेक फ्रेम घेत. भांडवल उभं करायला तेवढं पुरलं. टॅब बंद केला. (उद्या परत उघडेन.)

गुरुवार

शीर्षकाच्या तुकड्यासाठी मित्राने संगीत पाठवलं. सुरेख आहे. पण मी कापायला बसले आणि ठोका काही फ्रेमवर पडेना. एकदा अलीकडे, एकदा पलीकडे. सोमवारने पोळलेली, म्हणून लगेच हिशोब मांडला. मिनिटात १४४० फ्रेम, हजारातला तो एक तूर्त सोडून. त्याने लय ठेवलीय मिनिटाला १०० ठोके, म्हणजे एका ठोक्याला १४.४ फ्रेम. पॉइंट चार फ्रेम कुठून आणू? ९६ ठेवली तर बरोबर १५ येतात, ९० ला १६, १२० ला १२. त्याला फोन करून म्हटलं, ९६ कर ना.

“तुला गाणं हवंय की पाढे?”

मग मी त्याला सांगितलं की जुने स्टुडिओवाले संगीतकार लय बहुतेकदा मिनिटाच्या ठोक्यांत मोजत नसत, दोन ठोक्यांच्या मध्ये किती फ्रेम यावर मोजत. फिल्मच्या पट्टीला मोजून भोकं पाडायचे, ती आवाजाच्या डोक्यावरून गेली की टक्-टक् वाजायची आणि वादक त्या तालावर वाजवायचे. क्लिक ट्रॅक तो हाच. तो जरा वेळ गप्प, मग म्हणाला, “९६ करतो. पण चाल मंदावली तर तुझ्यामुळे.”

मंदावली नाही. उलट काका चष्मा पुसतात त्या शॉटला जरा जास्त श्वास मिळाला.

आता गंमत अशी की एवढं करून मी कट ठोक्यावर ठेवलेच नाहीत. सगळे कट ठोक्यावर पडले की फिल्म कवायत करायला लागते. दोन फ्रेम आधी कापलं तर चित्र ठोक्याला बोलावून आणल्यासारखं वाटतं. तीन फ्रेम नंतर कापलं तर ठोक्यानेच चित्राला ढकललं असं. पण अलीकडे-पलीकडे करायला आधी मुळात ठोका कुठे आहे ते नक्की हवं. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवार

आवाज साफ करणारं नवं साधन वापरून पाहिलं. काकांच्या खोलीत पंखा होता. एक बटण दाबलं, पंखा गायब! अर्धा तास मी खुशीत. मग डोळे मिटून ऐकलं तर काकाही थोडे गायब होते. वाक्य सुरू करण्याआधी ते नाकाने एक छोटा श्वास घेतात, यंत्राने तोही पंख्यात जमा केला. आणि ते थांबतात तिथे आता खोली नव्हती, नुसतं पोकळ काहीतरी.

पंखा निम्मा परत आणला. त्याखाली खोलीचा एक मिनिटाचा रिकामा आवाज अंथरला. हा एक मिनिट रेकॉर्ड करताना सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं राहावं लागतं आणि दर वेळी कुणाचं तरी पोट बोलतं. या वेळी माझं.

शनिवार

काही नाही. एक जुना सिनेमा आवाज बंद करून पाहिला, कट मोजायला. विसाव्या मिनिटाला मोजणं विसरले.

रविवार

काकांना फिल्म दाखवायला गेले. चौदा मिनिटांची. त्यांच्या टीव्हीला मी हौसेने माझा ब्लूटूथ स्पीकर जोडला, आवाज भरीव यावा म्हणून. पहिलं मिनिटही झालं नव्हतं.

“आवाज मागे आहे.”

मी म्हटलं, नाही काका, आठवडा घालवलाय त्यावर. ते नुसते पडद्याकडे बोट दाखवत राहिले. मीही नीट पाहिलं. होता की मागे! चार-पाच फ्रेम तरी. टीव्ही आवाज गुंडाळून हवेतून पाठवतो, स्पीकर तो उलगडतो, आणि तेवढ्यात चित्र पुढे निघून जातं. माझ्या टेबलावर सगळं तारेने जोडलेलं असतं, म्हणून हे कधी दिसलंच नाही. स्पीकर काढला. टीव्हीचा आपला चपटा, पत्र्यासारखा आवाज लागला. काकांनी मान डोलावली.

मग मी फिल्म बघितलीच नाही, त्यांनाच बघत राहिले. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. शेवटच्या मिनिटात नजर हळूच उजव्या वरच्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच थांबली. नावं वर सरकली, काळोख झाला, तरी ते कोपऱ्याकडेच बघत होते.

“ठिपका नाही टाकलास?”

“काका, आता रीळ नसतं. दुसरा प्रोजेक्टरही नसतो.”

“ते माहीत आहे मला.”

घरी येऊन फाइल उघडली. शेवटापासून आठ सेकंद मागे गेले, उजव्या कोपऱ्यात पांढरा गोल ठेवला, चार फ्रेम. शेवटच्या सेकंदाला दुसरा, चार फ्रेम. पहिला जरा जास्तच स्वच्छ दिसत होता, त्याची कड थोडी ओबडधोबड केली. एक्स्पोर्टला लावलंय, ६२ टक्के झालंय. या वेळी २३.९७६.