जीन्सचं फिटिंग, चालू नोंद: आसन आधी, कंबर शेवटी

मूळ साचा (कागदी नमुना) आता तीन वेगवेगळ्या शरीरांसाठी बेतून झाला आहे. आसन (पुढून पायांमधून मागे जाणारी शिवण) आणि योक (मागे कमरपट्टीखालचा आडवा तुकडा) पक्कं झालं, गुडघ्याखालचं काम बाकी आहे. कुठे किती काढलं, कुठे किती घातलं आणि ते का, हे या नोंदीत आहे. आकडे सेंटीमीटरमध्ये आहेत आणि शिवणीची माया (टिपेबाहेर सोडलेलं जादा कापड) त्यांत धरलेली नाही.

शरीरं अशी आहेत. क: कंबर 72, सीट (नितंबांचा घेर) 104, भर सगळा मागे. ख: कंबर 92, सीट 102, पोट पुढे, मागची बाजू सपाट, पाय सडपातळ. ग: कंबर 78, सीट 100, मांड्या आणि पोटऱ्या भरदार. साचा कंबर आणि सीट यांत 24 चा फरक धरून बेतलेला आहे. म्हणजे क ला कंबरेत आणखी 8 कमी करावे लागतात, ख ला 14 वाढवावे लागतात, आणि ग ला 2 वाढवले की पुरे.

नासपती, सफरचंद, वाळूचं घड्याळ ही शरीराच्या घडणीची नावं आम्ही या कामात वापरत नाही. ती समोरून दिसणाऱ्या बाह्यरेषेची नावं आहेत, आणि जीन्समधली सगळ्यात अवघड शिवण पुढून पायांमधून मागे जाते. क आणि ख यांच्या सीटच्या मापात फक्त 2 चा फरक आहे, तरी एकीची जीन्स दुसरीला कधीच बसणार नाही. टेप घेर सांगतो. तो घेर पुढे आहे, मागे आहे की बाजूला, हे सांगत नाही. म्हणून आधी बाजूने बघायचं, मग टेप हातात घ्यायचा.

मापं

कमरपट्टी जिथे बसवायची तिथे बारीक इलॅस्टिक बांधा. नैसर्गिक कंबर कुठे आहे हे इथे महत्त्वाचं नाही, सगळी उभी मापं या इलॅस्टिकपासून घ्यायची. सीटचं माप सर्वांत भरलेल्या जागी घ्या. पोट पुढे असेल तर पोटासमोर जाड पुठ्ठा उभा धरून त्याच्यासकट सीट मोजा, नाहीतर पोटाचा भाग मापातून निसटतो आणि चेन लावताना कापड कमी पडतं.

आता खरं माप. इलॅस्टिकच्या पुढच्या मध्यापासून पायांमधून मागच्या मध्यापर्यंत टेप न्या, पण एकूण लांबीवर थांबू नका. टेपमध्ये एक जड वॉशर ओवला तर तो आपोआप सर्वांत खालच्या बिंदूवर येऊन थांबतो, आणि तिथे आसनाचे पुढचा व मागचा असे दोन भाग वेगळे मोजता येतात. क चं पुढे 26, मागे 39. ख चं पुढे 29, मागे 33.5. ग चं पुढे 27, मागे 37. साच्यावर हीच लांबी पुढे 26 आणि मागे 36 आहे. तिघींना काय हवं हे एवढ्या आकड्यांतच दिसतं, आणि ही विभागणी न मोजता केलेलं फिटिंग म्हणजे नुसता अंदाज.

कापड

तिन्हींसाठी कापड एकच ठेवलं आहे: 11 औंसाचं, 2 टक्के इलास्टेन (ताणणारा धागा) असलेलं. औंस म्हणजे एका चौरस यार्डाचं वजन; 11 औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण 373 ग्रॅम. इलास्टेन बहुधा आडव्या धाग्यात असतं, त्यामुळे कापड घेराला ताणतं आणि उभं फारसं ताणत नाही. आसनाची लांबी कमी पडली तर स्ट्रेच कापड ती भरून देत नाही, ते याचमुळे. स्ट्रेच आहे म्हणून चालून जाईल, हा समज सगळ्यात जास्त जीन्स बिघडवतो.

ताण तपासायला कापडाच्या आडव्या दिशेत 10 सेंमीवर दोन खुणा करा आणि हाताला सहज जाईल तेवढं ओढा. 12 पर्यंत गेलं तर 20 टक्के ताण. मग सोडून द्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. 10.3 च्या वर राहिलं तर ते कापड गुडघ्यावर आणि सीटवर झोळ धरणार. ताण किती यापेक्षा परत येणं किती, हे आम्ही जास्त बघतो.

बेतण्याआधी कापड दोनदा कोमट पाण्यातून काढून पूर्ण वाळवा. चाचणीची जीन्स मांजरपाटावर शिवायची तर ती न ताणणाऱ्या डेनिमसाठीच. स्ट्रेच डेनिमची चाचणी तेवढ्याच ताणाच्या, जवळपास तेवढ्याच वजनाच्या कापडावर करावी लागते. न ताणणाऱ्या कापडात सीटला 2 ते 4 ची सैल जागा लागते. या कापडात उलट सीटपेक्षा 2 कमी धरलं आहे, कारण काही तास अंगावर राहिल्यावर ते तेवढं सैल होतं.

चाचणीसाठी बाजूच्या आणि आतल्या शिवणींना 2.5 माया सोडली, मशीनचा टाका 5 मिमीवर ठेवून कच्ची टीप मारली. वरची दिसणारी जाड दोऱ्याची टीप फिटिंग पूर्ण होईपर्यंत कुठेही घालायची नाही. ती उसवली की डेनिमवर भोकांची रांग राहते.

चुण्या वाचणं

कडक, ताणलेली चुणी म्हणजे कापड कमी. मऊ, लोंबणारी घडी म्हणजे कापड जास्त. तिरकी चुणी जिथून निघते किंवा जिथे पोचते, त्यांपैकी एका टोकाला अडचण असते. आसनापासून मांडीकडे पंख्यासारख्या पसरणाऱ्या कडक रेषा दिसल्या की बरेचजण बाजूची शिवण सैल करतात. त्याने घेर वाढतो, रेषा मात्र तशाच राहतात, कारण कापड आतल्या मांडीला कमी पडलेलं असतं. सीटखाली आडव्या मऊ घड्या आल्या तर मागचं आसन लांब झालंय, किंवा भरदार पोटरीवर कापड अडकून खाली उतरत नाहीये. दोन्हींतला फरक कळायला पोटरीच्या बाजूंच्या शिवणी गुडघ्यापासून खाली उसवून बघा. घडी गेली तर दोष पोटरीचा.

चाचणी उभ्यानेच करून थांबू नका. खुर्चीत बसा, वाका, जिना चढा. बसल्यावर मागची कमरपट्टी दोन बोटांपेक्षा जास्त खाली सरकत असेल तर मागचं आसन आखूड आहे. मग कंबर कितीही आवळली तरी ती सरकणारच.

क: भर मागे

मागच्या आसनात 3 हवेत. त्यातले 2 मिळवण्यासाठी सीटच्या रेषेवर, मागच्या मध्यापासून बाजूच्या शिवणीपर्यंत कागद कापला, बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवला आणि मध्यावर 2 ने उघडला. उरलेला 1 आसनाच्या मागच्या टोकाला (जिथे ते पायाच्या आतल्या शिवणीला मिळतं) वाढवून ती रेषा गुडघ्यापर्यंत निमुळती केली. सगळे 3 टोकालाच वाढवले असते तर मांडीच्या आत कापडाचा गोळा झाला असता, आणि सीटवर ओढ तशीच राहिली असती.

आता कंबरेतले 8. हे नीट वाटून घ्यावे लागतात. मागच्या मध्यशिवणीतून दोन्ही बाजूंना 1.5, म्हणजे 3. योकच्या वरच्या कडेतून, मधोमध, प्रत्येक बाजूला 1.25 ची पाचर खाली शून्यावर आणून: 2.5. बाजूच्या शिवणींच्या चारही कडांतून 0.6: 2.4. बेरीज 7.9, पुरे. सगळं मागच्या मध्यातून काढण्याचा मोह होतो, कारण ती शिवण उसवायला सोपी असते. पण मग मध्यशिवण फार तिरकी होते, खिसे एकमेकांकडे ओढले जातात आणि कमरपट्टी मागे टोकदार बसते. जीन्सला मागे चिमटे (आकार देण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या घड्या) नसतात, त्यांचं काम योक करतं. भरलेल्या सीटला योक मध्यावर उंच आणि बाजूला बारीक हवं. इथे मध्यावर 7.5 आणि बाजूला 3.5 ठेवलं आहे.

योकची वरची कड अशी वळली की सरळ कमरपट्टी तिच्यावर बसत नाही. वरच्या काठाला ती उघडीच राहते. वळणदार कमरपट्टी बेतावी लागते, आणि तिचा वरचा काठ तिरप्या धाग्यावर येत असल्याने तो वापराने लांबतो. आतल्या थराला न ताणणारं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) आणि वरच्या शिवणीत सुती फीत, दोन्ही लागतात. फीत विसरली तर पहिल्या काही धुण्यांतच मागे पुन्हा फट पडते आणि दोष साच्याला दिला जातो.

ख: पोट पुढे, मागे सपाट

हे सगळ्यात नाजूक काम आहे, आणि बाजारातल्या जीन्समध्ये सगळ्यात दुर्लक्षित. पुढच्या आसनात 3 वाढवायचे: 2 वरून, पुढच्या मध्यावर, बाजूच्या शिवणीकडे शून्यावर आणत, 0.5 टोकाला, 0.5 वक्राचा तळ खाली नेऊन. मागून 2.5 कमी करायचे: सीटच्या रेषेवर मध्यातून 1.5 ची पाचर दुमडून, टोकातून 1 कापून. पाचर दुमडली की सीटखालच्या मऊ घड्या निघून जातात.

कंबरेतले 14 असे भरले: पुढचा मध्य तिरका होता, तो सरळ करून प्रत्येकी 1, बाजूच्या शिवणींत पुढच्या कडांना 2 आणि मागच्या कडांना 1, योकमधली पाचर उघडून प्रत्येकी 1.25, मागचा मध्य सरळ करून प्रत्येकी 1.5. हे 13.5 झाले, उरलेला अर्धा कापडाच्या ताणात जातो. बाजूची शिवण यामुळे कंबरेपाशी किंचित मागे गेली, आणि तशीच हवी. बाजूने पाहताना ती जमिनीला लंब दिसते ना, एवढंच तपासायचं.

पुढच्या खिशाचं अस्तर चेनच्या शिवणीपर्यंत वाढवा. दोन्ही बाजूंचं अस्तर मध्याला शिवलं गेलं की पुढे न ताणणारा एक पडदा तयार होतो. खिसे उघडे पडत नाहीत आणि चेनपाशी आडव्या चुण्या येत नाहीत. अस्तर घट्ट विणीचं सुती घ्या आणि कापडाइतकंच रुंद ठेवा. जरा जरी आखूड झालं तरी पोटावर ताण येतो.

मागचे खिसे लहान आणि वर हवेत. खिशाची खालची कड सीटच्या घडीच्या खाली गेली की सपाट सीट आणखी सपाट दिसते. हे तिघींनाही लागू आहे, पण ख ला जास्त.

ग: मांड्या

आसनाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला 1, दोन्ही गुडघ्यापर्यंत निमुळते. कंबरेला बाजूच्या चारही कडांना 0.5. एवढ्याने पंख्यासारख्या रेषा गेल्या. मात्र मागे, वक्राच्या तळाशी, शिवण अजून रुतत होती. इथे काय करायचं ते सहजासहजी पटत नाही: शिवण सैल करायची नाही, उलट कापडात आणखी 0.5 आत घ्यायची. तळाशी आत गेलेली टीप वक्र खोल करते आणि त्याची लांबी वाढवते. एका वेळी 0.5 च्या वर जाऊ नका, आणि नवी टीप मारल्यावर जुनी माया छाटल्याशिवाय घालून बघू नका; ती रुतत राहते आणि वाटतं फरकच पडला नाही. ही खोली तळाशीच ठेवायची. वर सीटच्या रेषेपर्यंत नेली तर तिथला घेर कमी होतो.

तयार जीन्स निवडताना

तयार जीन्सलाही क्रम हाच. सीट आणि मांडीला बसणारी घ्या, कंबर नंतर. मागच्या मध्यातून कंबर 3 ते 4 पर्यंत आत घेता येते. त्यापुढे खिसे जवळ येतात आणि योकही उसवावं लागतं. आसन आखूड असेल तर मात्र ती परत ठेवा, वाढवायला तिथे माया नसते. कमरपट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नका: बटण लावून पट्टी सपाट ठेवा, मोजा, दुप्पट करा. पाय पसरून बाजूची शिवण नडगीकडे वळते का तेही बघा. डेनिमच्या तिरक्या रेषांच्या (ट्विल) विणीला पिळण्याचा कल असतोच, त्यात पाय धाग्याच्या दिशेत कापलेला नसेल तर प्रत्येक धुण्यागणिक पीळ वाढतो.

पुढचं काम

ग च्या पोटरीसाठी फक्त मागच्या भागाला, गुडघ्यापासून खाली, दोन्ही कडांना 0.7 वाढवायचे आहेत. पुढच्या भागाला काही नाही, तिथे नडगी आहे आणि वाढवलेलं कापड लोंबेल. क च्या कमरपट्टीची फीत घालून धुण्याची चाचणी बाकी आहे. पक्क्या शिवणीला जीन्सची सुई, 90 नंबरची. जिथे थर सहाच्या वर जातात तिथे 100 ची. दिसणारी टीप 3.5 ते 4 मिमीवर. जाड जोडावर मशीनचा पाय मागे कलला की टाके बारीक पडतात, तेव्हा पायाच्या मागच्या बाजूखाली डेनिमचीच दुमडलेली पट्टी ठेवून त्याला पातळीत आणायचं.