चैत्रातला लाँग रन

सोलापुरात या दिवसांत लांब पळायचं तर पहाटे पाचलाच बाहेर. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. किलोमीटरला ७ मिनिटं धरली तर १५ किमी पावणेसातला संपतात, ऊन चढायच्या आत. साडेसहाला निघालेल्याचे शेवटचे पाच किमी नुसती होरपळ.

आज हवा झकास होती, वर कडुलिंबाच्या मोहराचा वास. पण अशाच गारव्यात फसायला होतं. पहिले ३ किमी पाय आपोआप सुटतात आणि बाराव्याला इंजिन बंद. सुरुवातीला बोलत पळता आलं पाहिजे. धाप लागली की वेग जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो.

तहान लागायची वाट बघू नका, वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर लिटरभर पाण्यातच विरघळवा. अर्ध्या बाटलीत घट्ट केलं की पोटात ढवळतं. काखेत, मांड्यांना आधीच व्हॅसलीन, नाहीतर अंघोळीला बोंब!

आणि आदल्या रात्री शेंगाचटणी जरा बेतानेच. (अवघड आहे, मान्य.) संभाजी तलावाकडे अंधारात कडेचे दगड दिसत नाहीत, बॅटरी ठेवा.