डबीतलं कोकम

कुडाळला माझं लेबलं आणि पाकिटं डिझाइन करायचं काम आहे. गणपती होऊन आठवडा झाला होता. गावातल्या बचत गटाच्या तिघीजणी आल्या. त्यांतल्या थोरल्या काकींनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले मुठेलाचे, म्हणजे कोकमाच्या बियांच्या थिजलेल्या तेलाचे, गोळे काढले, प्रत्येकी १०० ग्रॅमचे, आणि त्यांच्या शेजारी एक गुळगुळीत पांढरी डबी ठेवली. एकीच्या मुलीने ती मुंबईहून आणली होती. नाव ‘कोकम बटर क्रीम’, वजन ५० ग्रॅम, किंमत ४४९ रुपये. मुठेलाचा गोळा या बाया ८० रुपयांना देतात.

“ह्येच्यासारखाच आमचा करून दी,” काकी म्हणाल्या.

डबीवर चिरलेल्या रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, सुंदर चित्र होतं. मी सवयीने मागची बाजू भिंगाखाली धरली. सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कुठल्याही क्रमाने. यादीत पहिलं होतं पाणी. पुढे ग्लिसरीन, मेणासारखे दोन-तीन पदार्थ, मग फिनॉक्सीइथेनॉल, आणि त्याच्याही खाली कोकम. फिनॉक्सीइथेनॉल हे क्रीम टिकवण्यासाठी घालतात आणि त्याची मर्यादाच एक टक्का आहे. म्हणजे त्याच्यानंतर आलेलं कोकम एक टक्क्याच्या वर असूच शकत नाही. ५० ग्रॅमच्या डबीत फार तर अर्धा ग्रॅम.

मी हिशोब कागदावर मांडला. काकींच्या एका गोळ्यातल्या तेलात अशा निदान २०० डब्या होतील.

“पयलाच पाणी? मगे आमचा कोकम खंय?” काकींनी दोनदा विचारलं. मला उत्तर देताना राग आवरत नव्हता. बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल काढून ते थिजत आलं की मुठीत वळायचं. हे सगळं मी माझ्या आजोळी पाहिलंय. कंपनीने कायदा मोडलेला नव्हता. तिने पुढच्या बाजूला कोकम विकलं होतं आणि मागच्या बाजूला खरं काय ते बारीक अक्षरांत लिहिलं होतं. गिऱ्हाईक पुढची बाजू बघून पैसे देतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

डबीवर गावाचं, जिल्ह्याचं नाव नव्हतं. हापूसच्या पेटीवर ‘देवगड’ लिहिता यावं म्हणून आपण केवढे भांडतो! सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, आहे. तिघींना ते माहीतच नव्हतं. मात्र मानांकनाचं चिन्ह असंच छापता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, हेही मी सांगितलं. आणि चेहऱ्याचं क्रीम म्हणून विकायचं तर एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, उत्पादन परवाना आधी. त्याशिवाय मी तसं लेबल करणार नाही म्हटल्यावर धाकटीचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण धाड पडली तर माल त्यांचाच जाणार होता.

मग नावावर बराच वेळ गेला. धाकटीला ‘कोकम बटर’ मोठं हवं होतं, शहरात मुठेल कोणाला कळणार म्हणून. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी ‘मुठेल’ मोठ्या अक्षरांत, त्याखाली ‘कोकम बटर’ आणि घटकांच्या जागी एकच ओळ: कोकमाच्या बियांचं तेल. परवान्याची चौकशी होईपर्यंत छपाई थांबवायची ठरली.

फोटोसाठी मी गोळा उचलला. धाकटी म्हणाली, साच्यात ओतून गुळगुळीत वड्या करू, डबीसारख्या. काकींनी गोळा माझ्या हातातून घेतला आणि बोटांच्या खुणा वर येतील असा टेबलावर ठेवला.

“बोटां दिसांदेत. हातान वळलेला असा ता.”

त्यांची एसटी पाचची होती. तोपर्यंत मी त्या खुणांचेच फोटो काढत होते.