अ‍ॅनालिस्टची नवी नोकरी सोडून टेकमध्ये जाताना: माझा अनुभव

टेकमध्ये कधी जायचं हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो एचआरकडून एका ओळीचं उत्तर मिळवण्यात. आता पेपर टाकले तर जॉइनिंग बोनसमधले किती पैसे परत करावे लागतील, एवढाच माझा प्रश्न होता. अजूनही ते आठवलं की डोकं तापतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नोकरी सल्लागार कंपनीत होती. आकडे गोळा करायचे, मॉडेल बांधायचं, स्लाइड बनवायच्या. मला आकड्यांत गोडी होती, स्लाइडमध्ये नव्हती. एका कामात एक्सेलच्या शीटची 10,48,576 ओळींची मर्यादा आडवी आली. डेटा त्यात मावेना, म्हणून एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकले आणि आपल्याला हेच काम करायचंय हे पक्कं झालं. तुमचा त्रास कामाचा आहे की साहेबाचा, हे मात्र आधी नीट तपासा. साहेबाचा असेल तर टीम बदलून मागा, क्षेत्र बदलायची गरज नाही.

मुलाखती सुरळीत झाल्या. एसक्यूएलमध्ये जॉइन (दोन तक्ते जोडणं) आणि विंडो फंक्शन (ओळींच्या गटावर हिशेब करणं) विचारतातच. शिवाय ‘अ‍ॅपचा वापर अचानक 10 टक्क्यांनी घसरला तर आधी काय बघाल?’ अशा धाटणीचा एक प्रश्न असतो. आधी मोजणीतच गडबड झाली आहे का ते बघायचं, कारणं मागाहून. ऑफर आली, आणि उत्तर द्यायची मुदतही सोबत आली.

इथून गाडी अडकली. माझ्या करारात लिहिलं होतं की 12 महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास बोनसची परतफेड लागू राहील. पूर्ण रकमेची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात? कर कापण्याआधीच्या रकमेची की हातात पडलेल्या? आणि ‘सोडल्यास’ म्हणजे राजीनाम्याची तारीख धरायची की शेवटच्या दिवसाची? माझ्यासाठी शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा होता, कारण लांबलचक नोटीस पिरियड धरला तर राजीनामा वर्षाच्या आत आणि शेवटचा दिवस वर्षानंतर, असं करता येत होतं.

एचआरकडे तिकीट, म्हणजे लेखी चौकशी, टाकलं. ‘कृपया पॉलिसी पाहा’ असं उत्तर आलं आणि तिकीट बंद झालं. पॉलिसीत लिहिलं होतं, ‘कराराप्रमाणे’. पुन्हा तिकीट टाकलं, कलमाचा क्रमांक दिला, तिन्ही प्रश्न वेगवेगळे लिहिले. ते दुसऱ्या कुणाकडे गेलं. त्यांनी विचारलं, तुम्ही राजीनामा देणार आहात का? मी लिहिलं, मला माझ्याच सहीच्या कागदाचा अर्थ हवाय. मग शांतता. इकडे ऑफरची मुदत सरत चालली होती. ज्या कलमावर कंपनी माझ्याकडून पैसे मागू शकते, त्याचा अर्थ सांगायला कंपनीतलं कुणी तयार नाही, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. बरं, नुसतं विचारलं की सोडून जाणारी म्हणून शिक्का बसतो, त्यामुळे नवी मुलं विचारतच नाहीत आणि अंदाजाने तारखा ठरवतात.

सुटका झाली ती पेरोलमुळे, म्हणजे पगाराचा हिशेब करणाऱ्या विभागामुळे. वसुलीची रक्कम शेवटी तेच काढतात, तेव्हा सरळ त्यांना ईमेल केला. त्याच दिवशी उत्तर आलं: शेवटचा दिवस धरतात, वसुली प्रमाणात होते, आणि रक्कम कर कापण्याआधीची. इतकं हलकं वाटलं! ते उत्तर वैयक्तिक कागदपत्रांत जपून ठेवलं. मग कॅलेंडर उघडून शेवटचा दिवस वर्ष भरल्यानंतर येईल अशी राजीनाम्याची तारीख काढली आणि नव्या कंपनीकडे तेवढी मुदत मागितली. त्यांनी लगेच दिली. मागायला घाबरू नका.

वार्षिक बोनसचं कलम वेगळं वाचा. कुठे बोनसच्या दिवशी तुम्ही नोकरीत असणं पुरतं, तर कुठे तोवर राजीनामाही दिलेला चालत नाही. दुसरा प्रकार असेल तर पैसे खात्यात जमा झाल्यावरच पेपर टाका.

पहिल्या नोकरीत दोन वर्षं पूर्ण केलीच पाहिजेत, हा सल्ला मलाही खूप जणांनी दिला. पण गोल्डमन सॅक्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेने 2012 मध्येच बहुतेक नव्या पदवीधर अ‍ॅनालिस्टशी दोन वर्षांचा करार करणं थांबवलं. माझं माप वेगळं आहे: सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केलेलं एक काम मुलाखतीत सांगता आलं पाहिजे. ते पहिल्या सहा महिन्यांत क्वचितच होतं, वर्षभरात बहुधा होतं.

नव्या ऑफरमधल्या शेअर्सचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. ते बहुधा चार वर्षांत विभागलेले असतात, आणि पहिलं वर्ष भरेपर्यंत अनेक ठिकाणी काहीच हाती येत नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये कित्येक वर्षं ही विभागणी 5, 15, 40 आणि 40 टक्के अशी होती. म्हणून तुलना फक्त पहिल्या वर्षात मिळणाऱ्या पैशांची करा.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: लेखी ऑफर येऊन पार्श्वभूमी तपासणी पूर्ण होईपर्यंत राजीनामा देऊ नका. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटाने 11 हजारांवर, तर जानेवारी 2023 मध्ये गूगलच्या मूळ कंपनीने सुमारे 12 हजार लोकांची कपात जाहीर केली. या क्षेत्रात भरती एकाएकी थांबू शकते.

पगाराच्या सगळ्या स्लिपा आणि अनुभवाचं पत्र लॅपटॉप परत करायच्या आधी घ्या. कंपनीच्या फाइल मात्र अजिबात नेऊ नका. माझं खातं शेवटच्या दिवशी संध्याकाळीच बंद झालं, पण तोवर मला लागणारे कागद माझ्याकडे आले होते.